ज्युनिअर कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी: कोणाला धरायचं, नोंद कुठे शोधायची? (नागपूर)

खामला रोड

एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजच्या पन्नाशीनिमित्त नामवंत माजी विद्यार्थ्यांचा फलक आणि छोटी पुस्तिका करायची आहे. कॉलेज फक्त अकरावी-बारावीचं, सीनिअर कॉलेज जोडलेलं नाही. हाताशी १९७५ पासूनची दाखल-खारीज रजिस्टरं (प्रवेश आणि कॉलेज सोडल्याच्या नोंदींची) आहेत, काही वार्षिकांक आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा झालेली पन्नास-साठ नावं आहेत. त्यात मंत्री, न्यायाधीश, नट, डॉक्टर सगळे आहेत. यातले आपल्या कॉलेजचे नेमके कोण, हे ठरवायची पद्धत जाणकारांनी सांगावी.

जुनं रजिस्टर

रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. वर्षाला ३०० प्रवेश धरले तरी पन्नास वर्षांची १५,००० नावं होतात. एवढ्या नावांत नजर थकते आणि हवं तेच नाव सुटतं. उलटीकडून जा. व्हॉट्सअ‍ॅपची यादी समोर ठेवा, प्रत्येकाचं जन्मवर्ष काढा आणि त्यात १५, १६ आणि १७ मिळवा. या तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या प्रवेशांत नाव सापडायला हवं.

जन्मवर्षापेक्षा पुढच्या शिक्षणाचं वर्ष पक्कं माहीत असेल तर तिथून मागे मोजा. देवेंद्र फडणवीसांचं उदाहरण घ्या. शाळा सरस्वती विद्यालय, अकरावी-बारावी धरमपेठ ज्युनिअर कॉलेज, मग नागपूरच्या शासकीय विधी महाविद्यालयातून पाच वर्षांचा कायदा, तो १९९२ ला पूर्ण. पाच वर्षं वजा केली की बारावी १९८७, म्हणजे अकरावीचा प्रवेश जून १९८५. जन्म जुलै १९७० चा आहे, तेव्हा वय १५ ही पूर्ण नव्हतं. नुसतं १६ मिळवून १९८६ चं रजिस्टर उघडलं असतं तर नाव मिळालं नसतं. म्हणून तीन वर्षं बघायची.

रजिस्टरात नाव सापडलं की एवढं उतरवून घ्या: दाखल-खारीज क्रमांक, नाव जसं लिहिलंय तसं, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाखा, सोडल्याची तारीख आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना. शेरा न वाचता पुढे जाऊ नका. ‘नाव कमी केले’, ‘बारावीत अन्यत्र प्रवेश’, ‘शुल्क न भरल्याने नाव कमी’ हे सगळं तिथेच असतं. प्रवेशाची ओळ मिळाली म्हणजे विद्यार्थी दोन वर्षं शिकला असं होत नाही.

बारावीला थेट आलेल्यांची नोंद वेगळ्या पानावर, कधी सगळ्यात शेवटी असते. ते पान बहुतेक जण चाळत नाहीत.

सीताबर्डीकर

‘जुनं रजिस्टर’ यांनी रस्ता बरोबर दाखवला. त्याआधी एक चाळणी लावावी लागते: माणूस नागपूरचा आहे, नागपुरात जन्मला, नागपुरात शिकला आणि ‘आपल्या कॉलेजात’ शिकला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत घोळ होतो तो इथेच.

सुभाष घईंचा जन्म नागपूरचा, पण शाळा दिल्लीत आणि कॉमर्सची पदवी रोहतकला. नागपूरच्या कोणत्याच कॉलेजने त्यांना धरता येत नाही. सोनू सूद नागपूरच्या यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, पण ते मोग्याहून इथे इंजिनिअरिंगला आले. नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजच्या यादीत त्यांचं नाव टाकायला काही आधार नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं एम.बी.बी.एस. नागपूरच्या मेडिकलचं, तेव्हा मेडिकलच्या यादीत ते असणारच. त्याआधीचं वर्ष-दोन वर्षं कोण कुठे शिकलं, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरच्या बाबतीत वेगळा सोडवावा लागतो.

बुद्धिबळपटू दिव्या देशमुख, २०२५ चा महिला विश्वचषक जिंकलेल्या, त्या भवन्सच्या. भवन्स सीबीएसईची शाळा आहे, अकरावी-बारावी तिथेच होते. राज्य बोर्डाचं ज्युनिअर कॉलेज आणि सीबीएसई शाळेची वरची दोन वर्षं यांची रजिस्टरं, बोर्ड आणि निकाल सगळं वेगळं. शहराची यादी करायची असेल तर दोन्ही घ्या, पण एकाच रकान्यात कोंबू नका.

शिक्षक आणि विद्यार्थी यांची सरमिसळ तर जागोजागी दिसते. कवी ग्रेस मॉरिस कॉलेजात मराठी शिकवत. महेश एलकुंचवार धरमपेठच्या एम. पी. देव विज्ञान महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. विजय बारसे हिस्लॉपचे क्रीडाशिक्षक. ही मोठी माणसं आहेत आणि कॉलेजला त्यांचा अभिमान असायलाच हवा, पण त्यासाठी ‘आमचे प्राध्यापक’ असा दुसरा फलक करा.

महाल ४४००३२

१९७५ च्या आधीचे विद्यार्थी कसे धरायचे? आमच्याकडे संस्था जुनी आहे, पण ज्युनिअर कॉलेज नंतरचं. ‘इंटर’ला शिकलेले लोक म्हणतात की आम्हीही तुमचेच.

सीताबर्डीकर

ते तुमचेच आहेत, फक्त त्यांचे कागद दुसरीकडे आहेत. क्रम असा: सुरुवातीला मॅट्रिक, मग दोन वर्षांचं इंटरमीजिएट आणि दोन वर्षांची पदवी. पुढे तीन वर्षांची पदवी आली तेव्हा आधीचं एक वर्ष पूर्व-विद्यापीठ, म्हणजे पी.यू. झालं. १९७५ ला नव्या पद्धतीची दहावी सुरू झाली आणि त्या तुकडीची बारावी १९७७ ला. तोवरचं इंटर आणि पी.यू. विद्यापीठाच्या कक्षेत होतं, बोर्डाच्या नव्हे. म्हणून जुनं नाव बोर्डाच्या नागपूर विभागीय कार्यालयात शोधून मिळत नाही. कॉलेजची नामांकनाची वही आणि विद्यापीठाचे निकाल हेच तिथे उपयोगी पडतात.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. म्हणजे त्यांचे पहिल्या चाळीस वर्षांचे विद्यार्थी नागपूर विद्यापीठाचे नाहीतच. हिस्लॉप सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं, नंतर अलाहाबादला. त्या काळचं नाव इथल्या विद्यापीठाच्या दफ्तरात शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

इंटरचे विद्यार्थी यादीतून गळतात याचं कारण सगळे पदवी बघतात. मा. स. गोळवलकर इंटरपर्यंत हिस्लॉपला होते आणि बी.एस्सी., एम.एस्सी. बनारसला. पदवीधरांची यादी चाळली तर हे नाव हिस्लॉपला येणारच नाही. उलट मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या शाळेतून थेट मॉरिसला आले, १९२६ पर्यंत इथे शिकले आणि मग केंब्रिजला गेले. पुढे सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती. त्यांच्या बाबतीत इंटर आणि पदवी एकाच छताखाली, त्यामुळे वादच नाही.

संस्थेचं नाव बदललं असेल तर फलकावर दोन्ही नावं द्या. मॉरिसचं नागपूर महाविद्यालय झालं आणि आता ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. वसंतराव नाईक स्वतः मॉरिसचे विद्यार्थी. नुसतं ‘मॉरिस’ लिहिलं तर आजच्या मुलांना कळत नाही, नुसतं नवं नाव लिहिलं तर जुन्या माणसांना पटत नाही.

धंतोली लायब्ररी

राजकीय नावांसाठी एक सोपा कागद आहे: निवडणुकीचं शपथपत्र, नमुना २६. पण त्याची मर्यादा समजून घ्या. त्यात सर्वोच्च शिक्षण विचारतात, म्हणजे संस्थेचं नाव आणि वर्ष त्या एकाच परीक्षेचं मिळतं. आमदार एल.एल.बी. असेल तर बारावीचं कॉलेज तिथे बहुधा नसतंच. ज्यांचं शिक्षण बारावीपर्यंतच आहे त्यांच्या शपथपत्रात मात्र तुमच्या कॉलेजचं नाव थेट मिळू शकतं. लोकसभा आणि विधानमंडळाच्या सदस्य-परिचयात शहर आणि विद्यापीठ असतं, ज्युनिअर कॉलेज क्वचित.

न्यायाधीशांचा परिचय सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतो. शरद बोबडे यांच्यासारख्या नावाला (सरन्यायाधीश, नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१) बी.ए. एसएफएस कॉलेज आणि १९७८ ची नागपूर विद्यापीठाची एल.एल.बी. हे सहज मिळतं. पण ती पदवीची नोंद झाली. ज्युनिअर कॉलेजचा दावा त्यावरून करू नये.

पद्म पुरस्कारांची यादी गृह मंत्रालय दरवर्षी काढतं, क्षेत्र आणि राज्यासह. शिवछत्रपती पुरस्कारांची यादी राज्याचं क्रीडा खातं. या याद्या नावं सुचवायला चांगल्या, पण शिक्षणाचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

जुनं रजिस्टर

आणखी दोन गोष्टी. बारावीचं प्रवेशपत्र दाखवून कोणी ‘मी तुमचाच’ म्हणेल, तर त्यावर परीक्षा केंद्र कोणतं छापलंय ते बघू नका. केंद्र दुसऱ्याच कॉलेजात असू शकतं. कॉलेजचा सांकेतांक बघा.

दुसरं, १७ नंबरचा फॉर्म. खासगीरीत्या बसणारे विद्यार्थी हा फॉर्म एखाद्या कॉलेजमार्फत भरतात. त्यांची परीक्षा त्या कॉलेजच्या नावाने होते, पण वर्गात ते बसलेले नसतात आणि त्यांची नोंद नेहमीच्या दाखल-खारीजमध्ये नसते, वेगळ्या वहीत असते. त्यांना धरायचं की नाही ते समितीने आधीच लेखी ठरवावं. माझं मत विचाराल तर धरावं, आणि ‘खासगी, फॉर्म नं. १७’ असं पुस्तिकेत स्पष्ट लिहावं. नोकरी करत बारावी काढणाऱ्याचं नाव वगळण्यात काही शहाणपण नाही.

वर्धा रोड

मग क्लासवाल्या ‘टाय-अप’चं काय? प्रवेश एका कॉलेजात, दोन वर्षं शिकतो क्लासमध्ये, कॉलेजात येतो तो फक्त प्रॅक्टिकलला. उद्या तो आयआयटीत गेला की कॉलेजही फोटो लावतं आणि क्लासही लावतो.

जुनं रजिस्टर

नोंद कॉलेजचीच आहे, तेव्हा विद्यार्थी कॉलेजचा. पण त्या निकालाचं श्रेय कॉलेजच्या शिकवण्याला देणारं वाक्य पुस्तिकेत घालू नये. ‘विज्ञान शाखा’ आणि तुकडीचं वर्ष एवढंच लिहा. प्रवेश परीक्षेचा क्रमांक ही नामवंत असण्याची कसोटीही नाही. १८ व्या वर्षी मिळालेला क्रमांक आणि पुढच्या वीस वर्षांचं काम यात फरक करायलाच हवा. बारावी होऊन किमान दहा वर्षं झालेल्यांनाच घ्या, हा नियम लावला की ही कटकट बरीच कमी होते. खेळाडूंना तेवढी सूट द्या, त्यांचा काळ लवकर येतो.

सक्करदरा चौक

एक कळकळीची विनंती. एमसीव्हीसीवाल्यांना (किमान कौशल्याच्या व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांना) विसरू नका. किमान कौशल्याची मुलं कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये शिकली आणि यादीतही मागेच राहतात. त्यांची हजेरी आणि निकाल बऱ्याच ठिकाणी वेगळ्या कपाटात, व्यवसाय विभागाकडे असतात. मुख्य रजिस्टर बघून ‘कोणी नाही’ म्हणणं चुकीचं आहे. इलेक्ट्रिकल, ऑटो, हॉर्टिकल्चर, मेडिकल लॅब अशा अभ्यासक्रमांतून निघालेले लोक आज स्वतःची वर्कशॉप्स आणि रोपवाटिका चालवतात, चार लोकांना काम देतात. त्यांना ‘नामवंत’ म्हणायला मंत्रालयाचा शिक्का कशाला लागतो? रात्रीच्या ज्युनिअर कॉलेजांचंही तसंच. संस्थेची रात्रशाळा असेल तर तिचं रजिस्टर मागून घ्या.

लक्ष्मीनगर

मुलींची नावं सुटतात त्याबद्दल कोणी बोललं नाही. रजिस्टरात माहेरचं नाव आणि बाहेर प्रसिद्ध आहे ते सासरचं. शास्त्रज्ञ, लेखिका, जिल्हाधिकारी, कोणीही असो, आजच्या आडनावाने शोधलं तर सापडत नाही. बारावीचं आडनाव आधी विचारून घ्या. विचारायची सोय नसेल तर पीएच.डी.च्या प्रबंधावर किंवा पहिल्या शोधनिबंधावर जुनं आडनाव बऱ्याचदा मिळतं. फलकावर दोन्ही आडनावं लिहा, आधी रजिस्टरातलं. बाकी क्रम त्या व्यक्तीला हवा तसा.

आईचं नाव जुन्या रजिस्टरांत बहुधा नसतं, म्हणून ‘आईच्या नावावरून खात्री करू’ हा मार्ग फक्त अलीकडच्या तुकड्यांना चालतो.

एकाच नावाचे दोघे हा दुसरा मोठा गुंता. आपल्याकडे देशमुख, ठाकरे, मेश्राम, वानखेडे एकेका वर्गात चार-चार. नाव आणि वडिलांचं नाव जुळलं तरी जन्मतारीख जुळल्याशिवाय ‘सापडलं’ म्हणू नका. सगळी जुळवणी झाल्यावरही शंका राहिली तर आधीच्या शाळेचा रकाना बघा, तिथे निकाल लागतो.

खामला रोड

खूप उपयोगी. दोन अडचणी: १९७९ ते ८२ च्या रजिस्टरला उधळी (वाळवी) लागली आहे, काही पानं अर्धीच आहेत. आणि काही लोक म्हणतात की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून बोर्डाकडून नावं काढा. जमेल का?

धंतोली लायब्ररी

दुसऱ्याचं आधी. अर्जाला १० रुपये आणि ३० दिवसांची मुदत, एवढं सोपं दिसतं, पण दुसऱ्या व्यक्तीचे गुण, जन्मतारीख हे वैयक्तिक माहिती म्हणून नाकारलं जातं आणि तो नकार योग्यच आहे. त्यात वेळ घालवू नका. व्यक्ती हयात असेल तर तिलाच विचारा. तीन ओळींचा निरोप पुरतो:

‘आपण आमच्या कॉलेजात १९८३ ते ८५ या काळात विज्ञान शाखेत शिकल्याची नोंद आहे. पन्नाशीच्या पुस्तिकेत आपलं नाव, तुकडी आणि कार्यक्षेत्र छापण्यास आपली संमती हवी आहे. नाव कसं लिहावं तेही कळवावं.’

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, पुन्हा पुन्हा नको. नाही म्हणाले तर नाव गाळा, कारण विचारू नका. दिवंगत असतील तर घरच्यांना विचारा.

आणि कृपा करून टीसी किंवा रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यावर जात, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय सगळं असतं, शिवाय त्याच पानावर आणखी वीस-पंचवीस जणांच्या ओळी असतात. पडताळणी दोघांनी मिळून कार्यालयात बसून करा आणि बाहेर फक्त ‘सापडलं / नाही सापडलं’ एवढंच सांगा.

जुनं रजिस्टर

उधळीच्या पानांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि काढताना शाईच घेऊन जाते. रजिस्टर आधी इतर कपाटांपासून लांब, कोरड्या जागी हलवा, नाहीतर शेजारची रजिस्टरंही जातील. पानं ओलसर असतील तर पंख्याखाली उघडी ठेवा, उन्हात नको. चिकटलेली पानं जोर लावून सोडवू नका. खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं ठेवून मोबाइलने वरून फोटो घ्या, फ्लॅश बंद. फिकी निळी शाई फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवला की बऱ्यापैकी उठून दिसते. फाइलचं नाव वर्ष-रजिस्टर-पान असं द्या, म्हणजे नंतर कोणी विचारलं तर सरळ त्या पानावर जाता येतं.

ओळच गेली असेल तर पर्यायी कागद आहेत. टीसी पुस्तकाच्या स्थळप्रती (कॉलेजकडे राहणाऱ्या प्रती) सगळ्यात भरवशाच्या, कारण त्यात दाखल-खारीज क्रमांक परत लिहिलेला असतो. मग बोर्डाकडून आलेलं कॉलेजचं निकालपत्रक. मग शिष्यवृत्तीची वही. हजेरीपट आणि फीच्या पावत्या मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे १९८० च्या आसपासच्या मिळाल्या तर नशीब. दाखल-खारीज मात्र कायम जपायचं दफ्तर आहे. ते नष्ट केलं असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका, बहुतेक वेळा ते जुन्या इमारतीच्या माळ्यावर किंवा संस्थेच्या मुख्य कार्यालयात निघतं.

वार्षिकांक पुरावा म्हणून वापरता येतो, पण जपून. कथा-कवितेखाली ‘बारावी कला’ लिहिलेलं असेल तर चांगलं. नुसत्या ग्रुप फोटोवर जाऊ नका. ओळींचा क्रम आणि खालच्या नावांचा क्रम जुळतोच असं नाही, ‘डावीकडून’ कुठली ओळ मोजायची तेही छापलेलं नसतं.

सीताबर्डीकर

नोंदीचे तीन गट करा. ‘क’ म्हणजे रजिस्टर किंवा टीसीची स्थळप्रत. ‘ख’ म्हणजे बाहेरचा छापील आधार, ज्यात कॉलेजचं नाव स्पष्ट आहे, किंवा त्या व्यक्तीने स्वतः दिलेलं लेखी. ‘ग’ म्हणजे ऐकीव. फलकावर ‘क’ आणि ‘ख’च जातील, ‘ग’ वहीत राहील, फेकू नका. पुढे कोणाचा कागद निघाला की ते नाव वर येतं. इंटरनेटवरचा परिचय ‘ख’मध्ये धरताना दोन ठिकाणी सापडलं म्हणून समाधान मानू नका, दोन्हीकडे एकच वाक्य असेल तर एकाने दुसऱ्याचं उचललेलं असतं.

वर्धा रोड

फलकावर क्रम कसा लावायचा? मंत्री आधी की न्यायाधीश आधी, यावरून समितीत भांडणं होतात.

लक्ष्मीनगर

बारावीच्या वर्षाने लावा, त्याच वर्षात आडनावाच्या अकारविल्ह्याने. पदाने लावला की दर निवडणुकीनंतर फलक बदलावा लागेल. पदही ‘माजी’, ‘विद्यमान’ न लिहिता क्षेत्र लिहा: न्याय, रंगभूमी, शेती संशोधन, हॉकी. एका ओळीत नाव, शाखा, तुकडी, क्षेत्र एवढं पुरे.

संगमरवरावर कोरू नका. अ‍ॅक्रिलिक किंवा पितळेच्या सुट्या पट्ट्या घ्या, स्क्रूने बसणाऱ्या. चूक निघाली तर तेवढीच पट्टी बदलते आणि मधल्या वर्षाचं नवं नाव सापडलं तर पट्ट्या सरकवता येतात. दर पाच वर्षांच्या गटाखाली दोन रिकाम्या पट्ट्यांची जागा सोडा. कारागिराला नावं तोंडी सांगू नका, टाइप केलेला कागद द्या, आणि ऱ्हस्व-दीर्घ त्या व्यक्तीच्या संमतीच्या निरोपातून जसंच्या तसं घ्या. रजिस्टरात कारकुनाने ‘सुनिल’ लिहिलं असेल, ती व्यक्ती ‘सुनील’ लिहीत असेल, तर फलकावर ‘सुनील’.

खामला रोड

ठरलं. आधी १९७५ ते ८५ ची रजिस्टरं, एमसीव्हीसीचं कपाट वेगळं, आणि संमतीचे निरोप ‘क’ गटापासून. टीसीच्या स्थळप्रती कोणत्या वर्षापासून आहेत ते बघून इथेच कळवते.